थांबायला किती मीटर? सातारा परिसरातल्या मोजणीच्या नोंदी

१८ मे

काम काय: सातारा शहर, पुणे–बंगळूर महामार्ग, वाई–पाचगणीचा पसरणी घाट आणि कोरेगाव–रहिमतपूर भागातले उसाचे रस्ते यांच्यासाठी थांबण्याच्या अंतराचा तक्ता करायचा. तो गॅरेजात, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आणि साखर कारखान्याच्या गाडीतळावर लावता आला पाहिजे. एका वेगापुढे एकच आकडा लिहिलेला तक्ता इथे चालणार नाही. एबीएसची (जोरात ब्रेक लावला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या व्यवस्थेची) कार, फक्त मागचा ब्रेक दाबायची सवय असलेला स्कूटरवाला आणि अठरा टन ओढणारा ट्रॅक्टर हे तिघं इथे एकाच रस्त्यावर, एकामागे एक असतात.

सूत्र तिघांना तेच. एकूण अंतर म्हणजे प्रतिसादात (धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत) गेलेलं अंतर अधिक ब्रेकिंगचं अंतर. पहिलं वेग गुणिले वेळ. दुसरं वेगाचा वर्ग भागिले मंदनाची, म्हणजे दर सेकंदाला वेग जितका घटतो त्याची, दुप्पट. वेग मीटर प्रति सेकंदात हवा, म्हणून ताशी किलोमीटरला ३.६ ने भागायचं. चाकं रस्त्याला धरून थांबत असतील तर जास्तीत जास्त मंदन म्हणजे घर्षण गुणांक (टायरच्या पकडीचं माप) गुणिले ९.८१. यात गाडीचं वजन येत नाही. वजन वाढलं की थांबवायचं ओझं वाढतं, तशी टायरची पकडही त्याच पटीत वाढते. मात्र हे खरं ठरायला सगळी चाकं ब्रेक करणारी हवीत आणि ब्रेकमध्ये तेवढी ताकद हवी. ही अट ट्रॅक्टर-ट्रॉलीत मोडते. हंगाम सुरू झाला की तो हिशेब वेगळा घ्यायचा.

तुलनेला आधार इंडियन रोड्स काँग्रेसच्या आकड्यांचा. रस्त्याची आखणी करताना ते प्रतिसादाला २.५ सेकंद आणि घर्षण गुणांक वेगानुसार ०.४० ते ०.३५ धरतात. त्यातून ताशी ४० ला ४५ मीटर, ६० ला ८० मीटर आणि १०० ला १८० मीटर दृष्टीअंतर, म्हणजे थांबायला पुढे दिसायला हवं तेवढं अंतर, येतं. कोरड्या डांबरावर चांगला टायर ०.७ च्या आसपास पकड देतो, मग त्यांनी जवळजवळ निम्मी का धरली, असं विचारलं जातं. रस्ता सगळ्यांसाठी आखायचा असतो: ओल्यातल्या, झिजलेल्या टायरच्या, दमलेल्या चालकासाठीसुद्धा. आपला तक्ताही त्याच बाजूने चुकलेला बरा.

२५ मे

आधी वेग नीट मोजायची सोय. वेगातली चूक अंतरात वर्गाने येते, त्यामुळे इथे ढिलाई चालत नाही.

गाडीचा स्पीडोमीटर या कामाला वापरायचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली ३९ प्रमाणे तो खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू शकत नाही. जास्त दाखवायला मात्र खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर एवढी मुभा आहे. म्हणजे काटा ६० वर असताना खरा वेग ५१ सुद्धा असू शकतो. ५१ ला ६० समजून ब्रेकिंगचं अंतर मोजलं तर ते २८ टक्क्यांनी कमी भरतं आणि गाडी फार छान थांबते असं वाटतं. मोबाइलचं जीपीएस बहुधा सेकंदाला एकदा वेग देतं. ताशी ६० ला एका सेकंदात १६.७ मीटर जातात, त्यामुळे तेही बाद.

म्हणून पाचवं चाक. सायकलचं २६ इंची पुढचं चाक काट्यासकट गाडीच्या मागे जोडायचं. आऱ्यांवर सारख्या अंतराने १२ चुंबकं आणि काट्यावर हॉल सेन्सर (चुंबक जवळून गेलं की खूण देणारा), मध्ये ३ ते ५ मिलिमीटर फट. स्पंदनं आर्डुइनोत (छोट्या संगणक-पट्टीत) मोजून मेमरी कार्डावर वेळेसह लिहायची. घेर साधारण २ मीटर असल्याने दर स्पंदनाला सुमारे १७ सेंटिमीटर. घेर टायरवर छापलेल्या मापावरून काढू नये. खडूची खूण करून, हवा ठरलेली ठेवून, दहा फेऱ्या टेपवर लोटाव्यात आणि दहाने भागावं.

इथे हमखास बिघडतं ते चाकाचं उडणं. खडबडीत जागी चाक जमिनीवरून उचललं गेलं की मंदावतं, स्पंदनं कमी पडतात आणि अंतर कमी भरतं. उपाय म्हणजे ट्यूबचा पट्टा ताणून चाक खाली दाबून ठेवायचं, पण ते घासत जाईल इतकं घट्ट नाही. गाडीच्या स्वतःच्या चाकावर सेन्सर लावण्याचा मोह टाळावा. चाक लॉक झालं की सेन्सर शून्य सांगतो आणि गाडी पुढे सरकतच असते.

ब्रेक कुठे सुरू झाला हे ब्रेक लाइटवरून ओळखता येतं. पण साध्या बल्बची तार तापून उजळायला ०.१ ते ०.२ सेकंद लागतात. ताशी ६० ला ०.२ सेकंद म्हणजे ३.३ मीटर. म्हणून ब्रेक स्विचवर वेगळी एलईडी आणि तिचीच तार आर्डुइनोला. व्हिडिओ दुसऱ्या पुराव्यासाठी: कॅमेरा स्टँडवर, रस्त्याला काटकोनात. तिरका लावला तर जवळचे आणि लांबचे मीटर सारखे दिसत नाहीत.

१ जून

घर्षण गुणांक मोजायला घसरगाडी. जुन्या टायरचा तुकडा तळाला, वर लोखंडी चौकट, आत सिमेंट भरून वजन बरोबर २० किलो. ताणकाट्याने आडवी ओढायची. १४ किलोचा ताण आला तर गुणांक ०.७.

दोरी जमिनीला समांतर आणि गाडीच्या तळाजवळ बांधलेली हवी. दोरी वर धरली की ओढणारा थोडं वजन उचलतो आणि आकडा कमी येतो. उंचावर बांधली तर पुढची कड रुतते आणि गाडी दणके देत जाते. सुटतानाचा मोठा ताण लिहायचा नाही, सरकत असतानाचा स्थिर ताण लिहायचा.

रस्ता कोणता आणि त्यावर काय पडलंय यावर आकडा किती हलतो हे या गाडीनेच चांगलं कळतं. स्वच्छ कोरडं डांबर ०.७ च्या जवळ. त्याच डांबरावर बारीक खडी किंवा वाळलेल्या मातीचा थर असला की घसरगाडी खडीवरच फिरते आणि ताण एकदम उतरतो. गाडीतळावर सांडलेल्या मळीच्या डागावर ती सुरुवातीला चिकटते, पण त्यावर पाणी पडलं की घसरते. अशा जागा खडूने गोल करून चाचणीच्या पट्ट्यातून वगळल्या.

घसरगाडी माणसाच्या चालीने जाते हे लक्षात ठेवायचं. कोरड्यात वेग वाढला तरी गुणांक फारसा बदलत नाही, ओल्यात तो वेगाबरोबर घटतो. म्हणून पावसातला तिचा आकडा फक्त वरची मर्यादा समजायचा.

७ जून

जागा: कारखान्याचं गाडीतळ. गळीत हंगाम संपल्याने रिकामं, लेखी परवानगी घेतलेली, दोन्ही टोकांना दोरी आणि माणूस. सार्वजनिक रस्त्यावर अशी चाचणी करू नये, रिकामा दिसला तरी. दुचाकीसाठी पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट, जाड जॅकेट, हातमोजे, पायात बूट. वेगाची मर्यादा ताशी ५०, त्यापुढचं गणिताने.

पद्धत: प्रत्येक वेगाला दोन्ही दिशांनी धावा, म्हणजे जमिनीचा नकळत असलेला उतार कटतो. वेग कधीच नेमका ५० येत नाही. ५२ आला तर मिळालेल्या अंतराला ५० भागिले ५२ च्या वर्गाने गुणायचं. ही दुरुस्ती केली नाही तर धावा एकमेकींशी जुळत नाहीत आणि दोष ब्रेकवर जातो.

स्कूटरचा हिशेब सविस्तर लिहून ठेवण्यासारखा आहे, कारण साताऱ्यात सगळ्यात जास्त लोक याच वाहनावर असतात आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. स्कूटर आणि चालक मिळून १८० किलो, दोन्ही आसांमधलं अंतर १.२५ मीटर, गुरुत्वमध्याची उंची ०.६ मीटर. उभ्या स्थितीत ४५ टक्के वजन पुढे, ५५ टक्के मागे. ब्रेक लागला की मागचं वजन पुढच्या चाकावर येतं. किती येतं? वस्तुमान गुणिले मंदन गुणिले उंची, भागिले आसांमधलं अंतर. मंदन ५ असेल तर ४३२ न्यूटन, म्हणजे ४४ किलो. पुढचं चाक ८१ वरून १२५ किलोवर जातं, मागचं ९९ वरून ५५ वर.

आता गुणांक ०.७ धरून तीन प्रकार:

फक्त मागचा ब्रेक: मंदन २.८, ताशी ५० वरून ३४ मीटर.
फक्त पुढचा ब्रेक: मंदन ४.६, जवळपास २१ मीटर.
दोन्ही, पकडीच्या कडेपर्यंत: मंदन ६.९, १४ मीटर.

मागचा एकटा ब्रेक स्वतःच स्वतःची पकड घालवतो. जितका जोरात दाबाल तितकं वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं, लॉक होतं आणि शेपूट हलते. पुढचा उलटा वागतो: दाबत जाल तशी त्याची पकड वाढते. म्हणूनच पुढचा ब्रेक एकदम ओढायचा नाही. आधी हलका दाब, चाकावर वजन येऊ द्यायचं, मग वाढवायचा. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत होतं, पण क्रम हाच. ‘पुढचा दाबला की माणूस पालथा पडतो’ ही भीती झटक्याने ओढल्यावर, वळणात किंवा वाळूवर खरी ठरते. सरळ कोरड्या रस्त्यावर पुढचा ब्रेक न वापरणं म्हणजे २० मीटर सोडून देणं.

१२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून संयुक्त ब्रेक, म्हणजे सीबीएस, किंवा एबीएस सक्तीचा झाला, त्यावरच्यांना एबीएस. सीबीएसमध्ये डावा लिव्हर दाबला की पुढचाही थोडा लागतो. पण थोडाच. उजवा लिव्हर वापरायची गरज संपत नाही.

ड्रम ब्रेक असेल तर आधी लिव्हरचा मोकळेपणा बघायचा, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापात. केबल ताणली गेली की लिव्हर हँडलला टेकतो आणि ब्रेक अर्धाच लागतो. धुतल्यावर किंवा ओढा ओलांडल्यावर ड्रममध्ये पाणी राहतं. हलका ब्रेक लावत थोडं अंतर गेलं की सुकतं. शूचं लायनर काचेसारखं चकाकत असेल तर पॉलिश पेपरने वरचा थर काढायचा, लायनर रिव्हेटपर्यंत उतरलं असेल तर बदलायचं. ही धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

२२ जून

प्रतिसादाचा वेळ. पट्टी सोडून पकडण्याची चाचणी शाळेत करतात: पट्टी १५ सेंटिमीटर घसरली तर ०.१७५ सेकंद, २० सेंटिमीटरला ०.२०. मुलांना हा आकडा आवडतो, पण तो रस्त्यावर लावू नये. पट्टी पडणार हे आधीच माहीत असतं आणि बोटं तिच्याजवळच असतात. रस्त्यावर आधी दिसावं लागतं, मग ओळखावं लागतं, ब्रेक मारायचा की वळवायचं हे ठरवावं लागतं आणि पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर न्यावा लागतो. सावध चालकालाही अनपेक्षित प्रसंगात एक ते दीड सेकंद जातो. तक्त्यासाठी १.५ धरला.

त्यात ब्रेकचा स्वतःचा उशीर मिळवायचा. ऑइल ब्रेकला तो अगदी कमी, पण ट्रकच्या हवेच्या ब्रेकला पाइपमधून दाब पोचायला अर्धा सेकंदाच्या आसपास लागतो. ताशी ६० ला तेवढ्यात आणखी ८ मीटर.

वेगातला थोडा फरक शेवटी किती महागात पडतो याचं एक गणित तक्त्याच्या खाली चौकटीत घ्यायचं. दोन सारख्या कार, मंदन ७. एक ताशी ५० ने, दुसरी ६० ने, आणि दोघींना अडथळा एकाच जागी दिसतो. पहिली ३४.६ मीटरवर, अडथळ्याला जेमतेम न लागता थांबते. दुसरीचे २५ मीटर नुसत्या प्रतिसादातच जातात. ब्रेकला उरतात ९.६ मीटर. तेवढ्यात तिचा वेग ६० वरून ४३ पर्यंतच उतरतो आणि ती ताशी ४३ ने आदळते. वेग दहाने जास्त असला तर धडक दहाची होईल अशी आपली समजूत असते. ती किती खोटी आहे हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

१३ जुलै

पावसातल्या धावा. वळवाच्या पहिल्या सरीत रस्ता सगळ्यात निसरडा असतो: महिनोन्‌महिने साठलेलं तेल, टायरची भुकटी आणि धूळ यांचा लगदा होतो. संततधार लागून तो धुऊन गेला की पकड थोडी परत येते. ओल्या, धुतलेल्या डांबरावर बऱ्या टायरच्या कारसाठी मंदन ४.५ धरलं. लाल मातीचा चिखल रस्त्यावर येतो तिथे, म्हणजे कासकडच्या बाजूला आणि शेतातून ट्रॅक्टर रस्त्यावर चढतात तिथे, हा आकडा लागू नाही.

पाण्यावर तरंगणं हा वेगळा प्रकार. टायरखालचं पाणी बाजूला जायला वेळ पुरला नाही की टायर पाण्यावर चढतो आणि ब्रेक, स्टिअरिंग दोन्ही हातचे जातात. विमानांच्या टायरवरच्या संशोधनातून आलेला ढोबळ नियम असा की हा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी बांधलेला आहे. पौंडातल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले १०.३५, उत्तर ताशी मैलांत. ३२ पौंडाला ते ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतं, २२ पौंडाला ७८. म्हणजे हवा कमी असलेली कार महामार्गाच्या नेहमीच्या वेगातच तरंगू शकते. खोबणी चांगली असेल तर पाणी निघून जातं आणि ही वेळ उशिरा येते. टायर गोटा झालेला असेल तर हाच आकडा खरा मानायचा. कारच्या टायरच्या खोबणीत १.६ मिलिमीटरच्या खुणा असतात, रबर तिथपर्यंत झिजलं की टायर काढायचाच. पण पावसाळ्यापूर्वी ३ मिलिमीटरलाच बदललेला बरा, हे आमचं मत.

स्टिअरिंग अचानक हलकं लागलं तर ब्रेक मारू नये. ॲक्सिलरेटर सोडायचा, चाकं सरळ ठेवायची आणि पकड परत येईपर्यंत थांबायचं.

१७ ऑगस्ट

एबीएसबद्दल. ओल्यात किंवा कोरड्यात एबीएसचा मोठा फायदा अंतरापेक्षा स्टिअरिंग हातात राहण्याचा आहे. लॉक झालेलं चाक वळवलं तरी गाडी सरळच जाते. सुट्या खडीवर मात्र एबीएस जास्त अंतर घेऊ शकतो, कारण लॉक चाक स्वतःपुढे खडीचा बांध जमवतं आणि फिरतं चाक त्यावर चढून जातं. पेडल थरथरलं की बरेच जण पाय काढतात. काढायचा नाही.

५ ऑक्टोबर

पसरणी घाट. इथे प्रश्न अंतराचा कमी, उष्णतेचा जास्त.

पाचगणी सुमारे १३०० मीटरवर, वाई सुमारे ७२० वर. उतार ५८० मीटर, रस्ता बाराएक किलोमीटर, म्हणजे सरासरी ५ टक्क्यांच्या जवळ. माणसांसकट १५०० किलोची कार खाली येताना ८.५ मेगाज्यूल ऊर्जा सोडते. ताशी ३० ने उतरलं तर २४ मिनिटं लागतात. टायरच्या रोलिंग रोधात (चाक फिरताना होणाऱ्या अडवणुकीत) सुमारे २.३ मेगाज्यूल जातात. उरलेले ६.२ कोणीतरी घेतले पाहिजेत: इंजिनाने किंवा ब्रेकने. सगळे ब्रेकवर टाकले तर चोवीस मिनिटं सलग ४.३ किलोवॉट. म्हणजे पाणी तापवायचे दोन मोठे गिझर चाकांच्या आत चालू ठेवल्यासारखं.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन हेच काम फुकट करतं आणि त्याची उष्णता रेडिएटर बाहेर टाकतो. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचत नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये, पाय सोडून उतरताना इंधन बंदच करतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतं. इंजिन बंद करून उतरणं त्याहून वाईट: बूस्टरमधली (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातली) निर्वात ताकद दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं होतं.

तापमान मोजताना एक अडचण. इन्फ्रारेड थर्मामीटर चकाकत्या डिस्कवर खूप कमी आकडा दाखवतो, कारण चकचकीत धातू उष्णता फार कमी प्रारित करतो. डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागावर, पॅड घासत नाही तिथे, उष्णतारोधक काळ्या रंगाचा पट्टा मारून तिथेच नेम धरायचा. पॅड घासतो त्या कडेला हा आकडा याहून जास्त असतो, हे नोंदीत लिहून ठेवायचं.

घाटात ब्रेक ‘गेला’ म्हणतात त्याचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि पाय ते ओळखू शकतो. पेडल मऊ होऊन खाली जातं: ब्रेक ऑइल उकळून पाइपात वाफ झाली. डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश, पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, नुसतं भर घालून भागत नाही. पेडल घट्ट, तरी गाडी थांबत नाही: लायनर तापून त्याची घर्षणाची ताकद गेली, थांबून थंड होऊ द्यायचं, पाणी ओतायचं नाही, ड्रमला तडा जातो. पेडल एकदम कडक: बूस्टर गेला, दोन्ही पायांचा जोर लावला तर ब्रेक लागतो.

लोड असलेल्या ट्रकसाठी तोच हिशेब मोठा होतो. २५ टनांचा ट्रक २०० मीटर उतरला तर ४९ मेगाज्यूल. सहा ड्रम, प्रत्येकी ४५ किलो धरले आणि उष्णता बाहेर गेलीच नाही असं मानलं, तर लोखंड साडेतीनशे अंशांहून जास्त तापतं. प्रत्यक्षात बरीच बाहेर जाते, पण ती जायला वेळ लागतो आणि वेळ वेग कमी असेल तरच मिळतो. ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरायचं, हा जुन्या चालकांचा नियम याच गणिताचा आहे.

उतार मंदनातून किती वजा करतो हेही इथेच लिहून ठेवू. ५ टक्के उतार म्हणजे ०.४९ वजा, कोणतंही वाहन असो. कोरड्यातल्या कारचं ७ चं ६.५ होतं, तिला कळतही नाही. फक्त मागच्या ब्रेकवरच्या स्कूटरचं २.८ चं २.३ होतं. ज्याच्याकडे आधीच कमी आहे त्याचं जास्त जातं.

९ नोव्हेंबर

उसाची डबल ट्रॉली. तक्त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच.

धरलेले आकडे: ट्रॅक्टर २.४ टन, त्यातले १.५ टन मागच्या चाकांवर. दोन चारचाकी ट्रॉल्या उसासकट १८ टन. एकूण २०.४ टन. ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना, ट्रॉल्यांना नाही. पकड गुणांक ०.६. म्हणजे वीस टनांना थांबवायला पकड फक्त दीड टनाची. मंदन ०.४३. रोलिंग रोध ०.२ मिळवून ०.६३.

सपाटीवर ताशी २० ला ब्रेकिंग २४.५ मीटर, प्रतिसाद धरून ३३. ताशी ३० ला एकूण ६८ मीटर. म्हणजे ताशी ३० चा ट्रॅक्टर कोरड्यात ताशी ८० च्या कारएवढा लांब थांबतो. रिकाम्या ट्रॉल्यांनिशी तोच ट्रॅक्टर ताशी ३० वरून २२ मीटरच्या ब्रेकिंगमध्ये थांबतो. दिवसभर रिकामा-भरलेला करणाऱ्या चालकाच्या पायाला परतीची सवय लागते आणि ती भरल्या फेरीत धोका देते.

आता उतार. पुलाचा किंवा खिंडीचा ३ टक्के उतार असला की मंदन ०.३४ उरतं, ताशी २० ला नुसतं ब्रेकिंग ४६ मीटर. ५ टक्क्यांवर ०.१४ उरतं आणि ब्रेकिंग ११० मीटर होतं. ६.४ टक्क्यांवर काहीच उरत नाही: मागची चाकं पूर्ण लॉक करूनही जोडणी त्याच वेगाने खाली जात राहते. डोंगराळ भागातल्या रस्त्यांना ६ टक्क्यांपर्यंत मर्यादा आणि अपवादात्मक ठिकाणी ७ टक्के चढ मान्य आहे. म्हणजे नियमात बसणाऱ्या रस्त्यावरही ही जोडणी थांबू शकत नाही.

‘खालच्या गिअरमध्ये टाकला की इंजिन धरतं’ हे इथे अर्धवट खरं. इंजिनाचा रोधही त्याच दोन मागच्या टायरांतून रस्त्याला पोचतो. ब्रेकची उष्णता वाचते, पकड वाढत नाही. चाक लॉक झालं किंवा इंजिनाने अडवलं, दीड टनाची पकड दीड टनाचीच. रस्त्यावर चिखल आला आणि गुणांक ०.३५ झाला तर सपाटीवरही मंदन ०.४५ वर येतं.

उपाय ट्रॉलीलाच ब्रेक. ट्रॉल्यांच्या चाकांना त्यांच्या वजनाच्या पाव भागाएवढा जरी ब्रेक मिळाला तरी एकूण मंदन २.६ ते २.८ च्या दरम्यान जातं आणि ताशी २० वरून गाडी सहा मीटरच्या आत थांबते. ओव्हररन प्रकारात ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलू लागली की ड्रॉबारची (ट्रॉलीच्या पुढच्या ओढदांड्याची) सरकदांडी मागे जाते आणि तीच ब्रेक ओढते; यात केबलची लांबी दोन्ही बाजूंना सारखी नसेल तर ट्रॉली तिरकी खेचते. हायड्रॉलिक किंवा हवेचा ब्रेक महाग, पण उताराच्या फेऱ्या असतील तर तोच घ्यावा.

तोपर्यंत गाडीतळावर सुटण्याआधी तपासायचं ते: ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल रस्त्यावर जोडपट्टीने एकत्र बांधलेले हवेत. शेतात वळायला ते सुटे ठेवतात आणि तसेच रस्त्यावर येतात. एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर आडवा होतो, मागून अठरा टन ढकलतात आणि जोडणीची कात्री होते, म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रॉली एकमेकांवर दुमडतात. जोडपट्टी असली तरी दोन्ही बाजू सारख्या लागतात का हे मोकळ्या जागेत कमी वेगात ब्रेक मारून बघायचं. दोन्ही टायरच्या खुणा सारख्या लांबीच्या हव्यात. जोडणीची खिळ आणि तिची साखळी, दोन्ही ट्रॉल्यांच्या, तपासायच्या. उतार सुरू होण्याआधी गिअर, उतारात मध्येच नाही: क्लच दाबून गिअर चुकला तर परत बसत नाही आणि इंजिनाचा आधारही जातो.

२३ नोव्हेंबर

रात्र. कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पंक्चर ट्रॉली कडेला उभी, मागे दिवा नाही, असं दृश्य हंगामात नवीन नाही. डिपरवरच्या दुचाकीच्या उजेडात अशी काळी वस्तू ४० मीटरवर दिसली असं धरू. प्रतिसाद १.५ सेकंद, मंदन ५. तेवढ्यात थांबता येईल असा जास्तीत जास्त वेग ताशी ५०. समोरून प्रखर दिवा आला आणि दिसणं २५ मीटरवर आलं तर ताशी ३६.

लाल परावर्तक पट्टी इथे ब्रेकपेक्षा स्वस्त काम करते: ती दीडशे मीटरवरून चमकली तर मागच्याला ताशी ८० लासुद्धा थांबायला जागा मिळते. पण ऊस मागे लोंबतो आणि पट्टी झाकतो. म्हणून पट्टी ट्रॉलीच्या फळीवर न लावता मोळ्यांच्या बाहेर, सुतळीने बांधलेल्या आडव्या दांडीवर, दोन्ही टोकांना. चिखलाने माखली की ती चमकत नाही, म्हणून रोज फडक्याने पुसायची. पंक्चरच्या वेळी त्रिकोण ट्रॉलीला टेकवून ठेवण्यात अर्थ नाही. किमान ५० पावलं मागे, आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. दगड ठेवले तर गाडी काढताना उचलायचे.

७ डिसेंबर

छपाईला द्यायचे आकडे, सगळे प्रतिसाद १.५ सेकंद धरून, सपाटीवर, मीटरमध्ये:

कार, कोरडं: ताशी ४० ला २६, ६० ला ४५, ८० ला ६९.
कार, ओलं: ४० ला ३१, ६० ला ५६, ८० ला ८९.
स्कूटर, दोन्ही ब्रेक, साधारण सराव: ४० ला २९, ६० ला ५३.
स्कूटर, फक्त मागचा: ४० ला ३९, ६० ला ७५.
ट्रॅक्टर, भरलेल्या दोन ट्रॉल्या: २० ला ३३, ३० ला ६८.

शेवटच्या ओळीखाली लाल अक्षरात: ५ टक्के उतारावर ताशी २० ला ११८ मीटर.

अर्धा मीटर खाली-वर असेल तिथे वरचा आकडा घेतला आहे. तक्ता ए-३ कागदावर, प्लास्टिकच्या आवरणात. गाडीतळावरचा फ्लेक्सवर, अक्षर दहा पावलांवरून वाचता येईल एवढं. मीटरचा अंदाज अनेकांना नसतो, म्हणून गाडीतळाच्या भिंतीलगत ३३, ६८ आणि ११८ मीटरवर चुन्याचे आडवे पट्टे मारून घ्यायचे. एका टोकाला ट्रॅक्टरचं चित्र. कारखान्याकडून चुना आणि ब्रश मिळतील, टेप आपला न्यायचा.